आधी फाउंडेशन, मग मशीन

“वजन किती हाय ह्याचं?”

अण्णांनी हा प्रश्न विचारला आणि कोल्हापूरच्या त्या गारेगार दुकानातला विक्रेता गोंधळून आमच्या तोंडाकडे बघायला लागला. लोक प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात, माऊस फुकट मिळेल का विचारतात. कॉम्प्युटरचं वजन विचारणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं.

पण आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे भूपाल मगदूम, इचलकरंजीचे मागवाले. उभा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला. त्यांच्या लेखी मशीनची लायकी वजनावरून ठरायची. हलकं मशीन हादरतं, हादरलं की धागा तुटतो आणि धागा तुटला की धंदा बसतो. हे त्यांचं शास्त्र, आणि ते सगळ्या जगाला लागू होतं.

“सर, हा टॉवर आठ-नऊ किलो तरी भरेल,” विक्रेता अंदाजानं म्हणाला.

“मग बरोबर,” अण्णा म्हणाले आणि काळ्या उभ्या कॅबिनेटवर त्यांनी बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. “ह्योच पायजे. विंडोज का काय ते हाय न्हवं ह्यात?”

“अण्णा,” मी म्हटलं, “मला विंडोज चालणार नाही. मॅक लागेल.”

सासूबाई, माझा नवरा श्रेणिक आणि अण्णा, तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आख्खं घर गाडी काढून माझ्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला आलं होतं. सुनेला कॉम्प्युटर घेऊन देणारा सासरा आमच्या गल्लीत दुसरा नव्हता आणि हे गल्लीला कळेल याची व्यवस्था अण्णांनी आठवडाभर आधीच केली होती. अशा वेळी सुनेनं तोंड उघडावं ते आभार मानायला, हे मलाही कळत होतं.

लग्नाआधी मी पुण्यात व्हिडिओ एडिटर होते. बैठकीत अण्णा म्हणाले होते, “पोरीनं काम करावं की. आमची कुठं ना हाय?” ना खरंच नव्हती. फक्त हो म्हणायची वेळ आली की काहीतरी निघायचं. कधी पाहुणे निघायचे, कधी चातुर्मास निघायचा, कधी सासूबाईंचे गुडघे. आमच्या घरी जेवणं सूर्यास्ताच्या आत उरकतात. जैनांचं घर, माहेरीही तेच, त्यामुळे त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण कोल्हापुरात नोकरी बघते असं म्हटलं की अण्णा घड्याळाकडे न बघता खिडकीबाहेर बघायचे. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो, यावर मी काय बोलणार? रागावणारा सासरा असता तर भांडता तरी आलं असतं. अण्णा कधी रागवायचे नाहीत. बाजारातून येताना माझ्यासाठी आठवणीनं सीताफळं आणायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा तो सीताफळं भरवून चालला होता.

अशात हेमांगी घाटगेचा फोन आला. माझी पुण्यातली मैत्रीण, कोल्हापुरात तिनं छोटा स्टुडिओ टाकला होता. निपाणीच्या तंबाखू वखारीत काम केलेल्या बायकांवर ती फिल्म करत होती आणि तिचा एडिटर काम अर्धवट टाकून मुंबईला गेला होता. “त्यानं सगळं मॅकवर केलंय,” ती म्हणाली. “ते सॉफ्टवेअर विंडोजवर उघडतसुद्धा नाही. तू मॅकवर येत असशील तर फिल्म तुझी.” मी जन्मभर विंडोजवर काम केलेली. तरी मी विचार न करता हो म्हटलं. दोन वर्षं घरात बसून माझे हात गंजायला लागले होते. ही फिल्म गेली असती तर मला पुन्हा कोणी विचारलं नसतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग घरात बसूनच कर की. मी घेऊन देतो कॉम्प्युटर. चाळीस हजारात बसला पायजे.”

“लॅपटॉप घेऊ या?” मी विचारलं होतं.

“लॅपटॉप म्हंजे फिरतं मशीन. आज हितं, उद्या तिथं. काम करायचं तर मशीन एका जागी पायजे.”

आणि दुसऱ्याच दिवशी सुतार आला. माग बसवायचा असतो तेव्हा आधी जमिनीत फाउंडेशन करतात, बोल्ट पुरतात आणि मग माग आणून त्यावर कसतात. आधी फाउंडेशन, मग मशीन. अण्णांनी माझ्या कॉम्प्युटरलाही तोच न्याय लावला. कॉम्प्युटर कुठला घ्यायचा ते ठरायच्या आधी हॉलच्या कोपऱ्यात टेबल उभं राहिलं आणि फरशीला भोकं पाडून चारही पायांना बोल्ट मारले गेले. खाली कॅबिनेटसाठी कप्पा, वायरींसाठी भोक, सगळं चोख. जागा अशी निवडली होती की तिथून दार दिसावं आणि दारातून आत येणाऱ्याला मी दिसावी. त्या टेबलाकडे बघून मला पहिल्यांदा कळलं. कोणी मला बांधून घालत होतं आणि मापं माझ्या सोयीची घेत होतं.

तर आता त्या दुकानात मी मॅक लागेल म्हणून बसले होते.

“मॅक म्हंजे?” अण्णांनी विचारलं.

विक्रेत्याला तोंड फुटलं. तो आम्हाला एका चकचकीत पडद्यासमोर घेऊन गेला. पडद्यातच सगळा कॉम्प्युटर, वेगळं काही नाही. किंमत ऐकून श्रेणिक खोकला आणि सासूबाई म्हणाल्या, “बया! एवढ्यात तर दोन तोळं येतील.” त्या मूळच्या कोल्हापूरच्या, तिथल्या बायकांसारखं ‘मी येतो, मी जातो’ असं बोलणाऱ्या. “मी सांगतो, तो काळा टॉवरच बरा.”

“मॅडम, आणखी एक आहे,” विक्रेता म्हणाला आणि काचेच्या कपाटातून त्यानं एक चपटा, चौकोनी, चंदेरी डबा काढून काउंटरवर ठेवला. “हाही मॅकच. पण नुसतं मशीन. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस काहीच येत नाही, तुमचं जुनं असेल ते जोडायचं. म्हणून तुमच्या बजेटात बसतो.”

अण्णांनी तो डबा एका हातात उचलला. उचलला म्हणण्यापेक्षा, त्यांनी जोर लावला आणि डबा अपेक्षेपेक्षा जास्तच वर आला. त्यांच्या चेहऱ्यावर फसवले गेल्याचा भाव होता.

“ह्यात काय हाय? बिस्किटाचा डबा हाय का मशीन?”

“सर, आतला प्रोसेसर त्या टॉवरपेक्षा...”

“आवाज येतो का चालू केल्यावर?”

“अजिबात नाही सर,” विक्रेता अभिमानानं म्हणाला आणि तिथंच चुकला. आवाज न करणारं मशीन चालू आहे यावर अण्णांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

मी डबा माझ्याकडे घेतला. दोन्ही हातांनी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला.

“काय गं, तूही वजन बघतेस का?” श्रेणिक हसून म्हणाला.

“अण्णा,” मी म्हटलं, “कारखान्याच्या ऑफिसातला जुना मॉनिटर आता कोणी वापरत नाही. कीबोर्डही आहे. ते जोडले की झालं. टॉवर स्वस्तात येईल, पण हेमांगीचं काम त्याच्यावर उघडणारच नाही. मग घेऊन उपयोग काय? आणि ह्यात पैसे उरतायत. उरलेल्यात मी फिल्म साठवायची डिस्क घेईन.”

पैसे उरतायत म्हटल्यावर अण्णांचा चेहरा जरा सैलावला. धंदेवाल्या माणसाला शहाणपण पटत नसलं तरी बचत पटते.

“मॅडम, एक सांगतो,” विक्रेता प्रामाणिकपणे म्हणाला, “विंडोजवरून मॅकवर येताय, सुरुवातीला हात चुकतील. आणि जुना विंडोजचा कीबोर्ड जोडलात तर आणखीच चुकतील.”

“चुकू देत,” मी म्हटलं.

“तुला नक्की हाच पाहिजे?” श्रेणिकनं विचारलं. तो नेहमी असाच मध्ये उभा राहायचा, अण्णांकडे अर्धा आणि माझ्याकडे अर्धा.

“हाच.”

“घिवून टाका,” सासूबाई म्हणाल्या. “डबा तर डबा. तिला त्यातलं कळतंय न्हवं?”

परतीच्या वाटेवर डबा माझ्या मांडीवर होता. अण्णा पुढच्या सीटवरून दोनदा वळून म्हणाले, “कप्पा मोठा झाला की गं.”

मशीन आलं आणि कामही सुरू झालं. पहिले दिवस हात खरंच चुकले. कॉपी करायला गेले की भलतंच काही व्हायचं, खिडकी बंद करायचं बटण उजवीकडे शोधायची सवय आणि ते बसलेलं डावीकडे. पण हळूहळू बोटं शिकली. हेडफोन लावला की निपाणीच्या म्हाताऱ्या बोलायला लागायच्या. तंबाखूच्या धुळीनं बसलेले आवाज, मध्येच खोकणं, मध्येच खळखळून हसणं. त्यांच्यात मी तासन्‌तास रमायचे.

हेडफोन काढला की मात्र मी हॉलच्या कोपऱ्यात असायचे. खालच्या मजल्यावर माग चालायचे आणि टेबल पायाखालून बारीक थरथरत राहायचं. बसल्या जागी चहा यायचा. बसल्या जागी पाहुणेही यायचे. “ही बघा आमची सून, घरबसल्या सिनेमा करते,” असं म्हणून अण्णा एकेकाला माझ्या पाठीमागे आणून उभं करायचे. लोक कौतुकानं मान डोलवायचे, मग मी पोहे करायला उठायचे. भाजी निवडता निवडता एडिटिंग आणि एडिटिंग करता करता भाजी. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की देवळात जाण्यापलीकडे मी कित्येक दिवसांत घराबाहेर पाऊलच टाकलेलं नाही. पूर्वी निदान कामाच्या शोधात बाहेर पडण्याचं निमित्त तरी होतं. आता कामच घरी आलं होतं आणि निमित्तही संपलं होतं. मला त्या हॉलमध्ये श्वास घेता येईना. आणि हे सांगायचं कुणाला? ऐकणारा म्हणाला असता, बाई, सुख दुखतंय तुला.

मग हेमांगीचा फोन आला.

“त्रिशला, आता शेवटचं चार दिवसांचं काम. संगीतवाला इथं येतोय, आवाजवाला इथंच आहे, मला तुझ्या शेजारी बसून फिल्म कापायचीय. सोमवारी मशीन घेऊन ये. माझ्याकडचं मशीन आवाजाला लागणार, पण स्क्रीन रिकामी आहे.”

“घरून नाही का होणार?”

“नाही गं. आणि खरं सांगू? तुझं नाव एडिटर म्हणून लावायचं तर शेवटचा कट तुझ्या हातचा पाहिजे. जमत नसेल तर आज सांग, मी दुसरं कुणी बघते.”

त्या संध्याकाळी ताटावर मी विषय काढला. खिडकीतून उन्हाचा शेवटचा पट्टा आत आला होता आणि सगळे जरा घाईनं जेवत होते.

“त्यास्नीच हिकडं बोलव की,” अण्णा शांतपणे म्हणाले. “चार माणसं जेवायला जड न्हाईत आपल्याला.”

“ते नाही येऊ शकत, अण्णा. मलाच जावं लागेल. मशीन घेऊन.”

“चालू मशीन कुणी जागचं हलवतं का?” त्यांनी ताक प्यायलं, हात धुतला आणि विषय संपला.

रविवारी सकाळी मी सासूबाईंबरोबर देवळात गेले. परत आले तर अण्णा माझ्या टेबलापाशी घाम पुसत उभे होते.

“ये, बघ.”

माझ्या चंदेरी डब्यावरून एक जाड लोखंडी पट्टी गेली होती. पट्टीखाली डब्याला ओरखडा पडू नये म्हणून रबर घातलं होतं, हवा जायला जागा ठेवली होती. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बोल्ट, टेबलाच्या लाकडातून आरपार, वर नट.

“खालच्या मागानं हादरत हुतं,” अण्णा म्हणाले. “हलकं मशीन, घसरून पडलं म्हंजे? शिवाय दार सताड उघडं असतंय, कुणी उचलून नेलं तर? आता भूकंप झाला तरी हलायचं न्हाई.”

त्यांचा चेहरा समाधानानं उजळला होता. ते काळजीनं केलं होतं की मला अडवायला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. मला वाटतं, त्यांनाही ते सांगता आलं नसतं.

खोलीत गेल्यावर मी श्रेणिकला म्हटलं, “तू ती पट्टी काढ.”

“काढू की. पण लगेच नको. एवढ्या हौसेनं बसवलीय, अण्णांना वाईट वाटेल.”

“आणि मला काय वाटतंय?”

“तुला कळतंय ना सगळं,” तो समजुतीनं म्हणाला. “त्यांना नाही कळत.”

म्हणजे ज्याला कळतं त्यानं गप्प बसायचं.

सोमवारी सकाळी स्वयंपाक उरकून मी खाली गेले आणि मागांच्या शेडमधून एक पाना घेऊन आले. ज्याचं तोंड लहानमोठं करता येतं तसला. मला पान्यातलं काय कळणार? हाताला लागला तो आणला. नटावर चढवला आणि ओढला. पाना सटकला. पुन्हा चढवला, पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला तर नट थोडा फिरल्यासारखा वाटला आणि आणखीच आवळला गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. साधा नट उघडता येईना आणि म्हणे हिला घराबाहेर पडायचंय.

“अगं थांब, थांब! काय करतीस?”

अण्णा दारातून जवळजवळ धावत आले. पाना सटकल्याचा आवाज त्यांना जिन्यावर ऐकू आला असावा. त्या कानांना मागांच्या कल्लोळातूनही तेवढं ऐकू यायचं.

“नटाच्या कडा झिजवल्यास की! ह्यो पाना हितं चालतो का कधी? आणि उलटं फिरवायलीस. सर बाजूला.”

ते खाली गेले आणि नेमक्या मापाचा पाना घेऊन आले. नटावर बसवला, मनगटाला एक हिसका, नट सुटला. दुसरा सुटला. प्रत्येक नट ते धोतराच्या सोग्याला पुसून तळहातावर घेत होते. चुकीच्या पान्यानं नट खराब होताना बघणं त्या माणसाला सहनच होण्यासारखं नव्हतं. त्यापुढे बाकीचं सगळं ते विसरले होते. तिसरा नट सुटला. चौथ्यावर पाना बसवला आणि त्यांचा हात थांबला.

“कशाला खोलतीस पण?”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. श्रेणिक शर्टाची बटणं लावत बाहेर आला आणि अर्ध्यावर थबकला.

“कोल्हापूरला चाललेय, अण्णा. हेमांगीकडे. मशीन घेऊन.”

“मी सांगितलं हुतं न्हवं?”

“हो.” एकदा बाहेर पडलेलं आत घेता येईना. “दुकानात मी म्हटलं ना, पैसे उरतात म्हणून हा घेऊ या? ते खरं होतं. पण मी त्यासाठी नाही घेतला. पिशवीत मावेल म्हणून घेतला. हातात धरून बघितला तो त्याचसाठी. लॅपटॉप तुम्ही घेऊ देणार नव्हता. त्या दुकानात इथून बाहेर नेता येईल असं हे एकच मशीन होतं.”

खाली माग चालूच होते. अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं की ते खरंच माझ्याकडे बघतायत.

“टेबल करतानाच सांगायचं,” ते हळूच म्हणाले.

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

“सांजच्याला येशील?”

“उशीर होईल. चारही दिवस उशीर होईल.”

“मग झालं? चार दिवसांनी परत बसवायचं?”

इथं हो म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. श्रेणिक डोळ्यांनी मला तेच सांगत होता.

“नाही अण्णा. त्यानंतरही मी जाणार. काम असेल तेव्हा जाणार.”

अण्णांनी तळहातावरचे तीन नट बोटानं इकडून तिकडे सरकवले. मग ते पुन्हा टेबलावर वाकले आणि चौथा नट खोलला. पट्टी उचलली, रबर काढून माझ्या हातात दिलं. “पिशवीत खाली घाल हे. एसटीत आदळंल.”

श्रेणिक पुढे झाला. “अण्णा, पट्टी ठेवू का माळ्यावर? परत लागली तर?”

“कशाला?” अण्णा त्याच्यावर खेकसले. “ज्येचा नट रोज खोलावा लागतोय त्येला नट लावणारा येडा असतोय.”

आणि पट्टी काखेत मारून ते जिना उतरून गेले. मी पिशवी खांद्याला लावून खाली आले तेव्हा शेडच्या दाराशी ते माझ्याकडे पाठ करून उभे होते आणि पट्टी भंगाराच्या ढिगात पडलेली होती. “येते, अण्णा,” मी म्हटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त वाटेतून बाजूला सरकले. मी त्यांच्या शेजारून बाहेर पडले.